फोटोवरचा पदर

माझ्या कंप्युटरमध्ये सोळा रंगांचे पदर आहेत. हसू नका, धंद्याची गोष्ट आहे. आळेफाट्याला दादाभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात मी नऊ वर्षं डिझाईन करते. वाढदिवस, बैलगाडा शर्यत, निवडणूक, दशक्रिया, जे येईल ते. आमच्याकडं बाई सवाष्ण गेली तर दशक्रियेच्या फ्लेक्सवर तिच्या डोक्यावर पदर पाहिजे आणि कपाळाला ठसठशीत कुंकू पाहिजे. आता जिवंतपणी कोण पदर घेऊन फोटो काढतंय? पोरी ड्रेसवर, केस मोकळे, टिकली असली तर असली. मग ती गेल्यावर घरचे येतात आणि म्हणतात, ताई, हिच्या डोक्यावर जरा पदर घ्या. घेते. हिरवा, मोरपंखी, जांभळा, जो शोभेल तो तयार पदर उचलायचा, फोटोतल्या डोक्यावर ठेवायचा, कुंकवाचा लाल गोल ठेवायचा, झेंडूचा हार सोडायचा आणि सगळ्याचा मिळून एक ग्रुप करायचा. ग्रुप केला की एकाला धरून ओढलं तरी सगळे बरोबर येतात. दहा मिनिटांचं काम.

आरतीच्या डोक्यावर पण मीच पदर घेतला. आणि कशासाठी घेतला ते मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी लई भोळी होते असं कोणाला वाटायला नको.

आरती राजुरीची सून. वय सत्तावीस. शेततळ्यात पाय घसरून बुडाली, असं सासरचे सांगत होते. पाचव्या दिवशी तिचा दीर सूरज दुकानात आला. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. बोलायला नीट होता, उगाच खोटं कशाला सांगू. त्यानं माझ्या व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. आरतीच्या मुलीच्या, वृषालीच्या चौथ्या वाढदिवसाचा. आरती केकच्या सुरीकडं बघत होती. डाव्या भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत काळंनिळं, कडेनं पिवळं पडत चाललेलं. वरून पावडर थापलेली, पण फ्लॅश पडल्यावर पावडर काय डोंबल झाकणार.

"दुसरा नाही का?" मी विचारलं.

"लग्नातला हाय, पण त्यात ती वळखू येत न्हाई. हाच घ्या. ते डोळ्याजवळचं तेवढं झाका."

"काय झालं होतं?"

"गोठ्यात पडली व्हती," तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघायला लागला.

गेल्यावर परत त्याचा मेसेज आला. 'ताई डोळ्याजवळची खूण झाकायची विसरू नका.'

गोठ्यात पडलेली बाई मी बघितलीय. माझी आईच पडली होती, म्हशीनं ढकललं तेव्हा. कोपरं फुटली, गुडघे सोलवटले. डोळ्याभोवती असं गोल निळं झालं नव्हतं. हे कळायला काही डॉक्टर लागत नाही. पण मी म्हटलं, नूतन, कशाला कोणाच्या भानगडीत पडतेस? आपल्याला फोटो दिलाय, आपण फ्लेक्स द्यायचा. दिवसभर हेच तर करते मी. काळ्याचं गोरं करते, टकलावर केस लावते, भांडलेल्या भावांना एका फोटोत शेजारी उभं करते. त्यातलंच एक समजून मी कामाला लागले.

खरं तर ती खूण फोटोतूनच पुसायला हवी होती. पण त्याला पाऊण तास जातो आणि मला आला कंटाळा. मी हिरवा पदर घेतला आणि त्याची कड गालावर पुढं ओढली. तरी भुवईजवळचं दिसत राहिलं. फोटो एका गोल चौकटीत बसवलेला असतो. चौकट हलवली किंवा मोठी केली की आतला फोटोही तसाच हलावा, मोठा व्हावा म्हणून त्याला पडद्यावर एक बारकं कुलूप असतं. मी ते उघडलं, फोटो आतल्या आत जरा सरकवला, खूण बरोबर पदराखाली गेली. मग सगळ्याचा ग्रुप केला. कुलूप परत लावायचं राहून गेलं.

फ्लेक्सचा नमुना सूरजला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'एक नंबर ताई.' संध्याकाळी तो फ्लेक्स घेऊन गेला आणि मी विसरून गेले. म्हणजे विसरायचं ठरवलं.

गुरुवारी दशक्रिया होती. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला आणे गावाहून दोघं जण मोटारसायकलवर आली. आरतीची आई साळुबाई आणि थोरला भाऊ संपत. फ्लेक्सच्या कोपऱ्यात आमच्या दुकानाचा नंबर असतो, तो बघून शोधत आली होती. माहेरचा वेगळा फ्लेक्स करायचा होता. खाली लिहायचं, 'शोकाकुल, माहेरची मंडळी, आणे'. सासरच्यांनी त्यांच्या फ्लेक्सवर माहेरचं एक नाव घातलं नव्हतं, आईचंसुद्धा नाही.

"फोटो आणलाय का?" मी विचारलं.

"आमच्याकडचा लग्नाआधीचा हाय," साळुबाई म्हणाली. "त्यात ती शाळंतली पोर दिसती. तुमी त्यांला केला त्योच घ्या. त्यो आत्ताचा हाय. दोन वर्सं झाली बाई, तिला माहेरी धाडली न्हवती. फोन बी काढून घेतला व्हता. फोटोत तरी नीट बघावं म्हणलं."

बाई वाळलेली, उंच, डोईवरचा पदर कानामागं खोचलेला. तिनं माझ्या शेजारचं स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसली. गिऱ्हाईक आत आलेलं मला चालत नाही, मी फाडकन बोलते. तिला नाही बोलले.

संपत काउंटरला टेकून उभा होता. मी नावं टाईप करत होते, तोवर तो आपणहूनच बोलायला लागला. "उद्याचं झालं की शुक्रवारी पोलिसात सही द्यायचीय. आमची कोनावर तक्रार न्हाई म्हणून."

"आणि आहे का तक्रार?"

"आसून काय करायची, ताई? डॉक्टरांनी बुडून लिवलंय. अंगावर काय व्हतं ते तळ्याच्या कडंला आपटून झालं म्हणत्यात. आमच्याकडं पुरावा काय? हातात काय न्हाई आन् उगं वैर घ्यायचं. सही दिली की वृषालीला सुट्टीला आण्याला धाडतो म्हणलेत."

साळुबाई पडद्याकडंच बघत होती.

हातात काय नाही म्हणतोय तो, आणि सगळं इथं, माझ्या बोटाखाली. मूळ फोटो, त्याची तारीख, सूरजचा मेसेज. सांगावं असं एकदा वाटलं. लगेच दुसरं वाटलं, सांगितलं तर पहिला प्रश्न मलाच येईल की बाई, तू त्या दिवशी काय करत होतीस. मी ठरवलं, पटकन फ्लेक्स द्यायचा आणि ह्यांना वाटेला लावायचं.

फाईल उघडली. आरती आली, हिरव्या पदरात, मोठं कुंकू लावून.

"केवढी गुणाची दिसती," साळुबाई म्हणाली.

सासरचा फ्लेक्स सहा बाय चारचा होता, ह्यांना दहा बाय आठ पाहिजे होता. मी ग्रुपचा कोपरा धरला आणि ओढला. चौकट मोठी झाली, पदर मोठा झाला, हार मोठा झाला, आणि सगळं वर उजवीकडं गेलं. फोटो तेवढाच राहिला, होता तिथंच. पदर रिकाम्या जागेवर लोंबत होता. कुंकू हवेत. आणि खाली कोपऱ्यात आरतीचा चेहरा, उघडा.

मी मागं घेतलं आणि परत ओढलं. परत तेच. घाबरल्यावर माणसाला काही सुचत नाही. नऊ वर्षं हे काम करणारी मी, तिसऱ्यांदा तीच चूक केली. मग दिसलं, कुलूप उघडं आहे. ती खूण झाकायलाच तर मी ते उघडलं होतं.

"थांब," साळुबाई म्हणाली.

"कंप्युटरची गडबड आहे मावशी, वस्तू सरकल्यात. आत्ता नीट करते."

"सरकल्यात तर सरकू दे. तिच्या डोळ्याला काय झालंय?"

"सावली असेल."

असं मी बोलले. माझ्या तोंडून ते निघालं आणि मला माझीच किळस आली. साळुबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. संपत काउंटर ओलांडून आत आला आणि वाकून पडद्याजवळ गेला.

"ह्यो कधीचा फोटो?" त्यानं विचारलं.

"वृषालीच्या वाढदिवसाचा."

"म्हंजी जायच्या आठ दिवस आधीचा." त्यानं बोटांवर मोजलं, परत मोजलं. "मग ह्ये तळ्याच्या कडंला कसं आपटलं?"

आता काय लपवायचं. मी मोबाईल काढला, सूरजचा मूळ फोटो दाखवला, मोठा करून. खालचा मेसेज वाचून दाखवला. पदर मीच घातला, मुद्दाम पुढं ओढून घातला, हे पण सांगितलं. माझा आवाज चिरकला. मला वाटलं हा माणूस आता माझ्या थोबाडीत मारणार, आणि मारली असती तर मी काही बोलले नसते.

त्यानं मारलं नाही. तो तिथंच शाईच्या खोक्यावर बसला. बराच वेळ तोंडावरून हात फिरवत राहिला.

"नीट करा ताई ते," तो शेवटी म्हणाला. "पदर व्हता तसा घ्या आन् छापा. आई, आपुन काय बघितलं न्हाई. पोर त्यांच्याकडं हाय."

"मला म्हाईत व्हतं," साळुबाई म्हणाली.

संपतनं वर बघितलं.

"तुला सांगितलं न्हवतं मी. दिवाळीला शेजारणीच्या फोनवरनं तिनं फोन केला व्हता. म्हणली, आई, डोळा सुजलाय, चार बायांत जायची लाज वाटती. मला घिऊन जा म्हणली." साळुबाईचा आवाज अगदी साधा होता, भाजीबद्दल बोलावं तसा. "मी काय म्हणले, ठावं हाय का? म्हणले, पदर घ्यावा जरा पुढं. झाकून जातं. चार दिसांत उतरतं म्हणले. बागाईतातलं घर हाय, पाणी हाय, हितं आण्याला परत येऊन काय करशील?"

मी मान खाली घातली. त्या माऊलीला मी काय म्हणणार? तिनं सांगितलेला पदर मी फक्त चार महिन्यांनी घातला होता.

"आता काढ त्यो," ती मला म्हणाली.

"आई," संपत म्हणाला.

"कुकू ऱ्हाऊ दे. पदर काढ. आन् असाच छाप."

"आई, वृषाली तिथं हाय. उद्या घाटावर असला फ्लेक्स लावला तर पोरीचं तोंड दिसायचं न्हाई परत."

"म्हणून तर लावायचा. पोरगी हाय ती, संपत. त्याच घरात मोठी व्हनार हाय."

"आन् न्हाईच धाडली तर?"

"आत्ता तरी कुठं धाडलीय?"

संपत उठला, बाहेर गेला, मोटारसायकलजवळ पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं परत आला आणि म्हणाला, "छापा."

तेवढ्यात दादाभाऊंचा फोन आला, ते नारायणगावला गेले होते. मी जे होतं ते सांगितलं.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" ते म्हणाले. "राजुरीची मानसं उद्या दुकान फोडतील. गुपचूप पदर घाल आन् वाटंला लाव त्यांना."

"ऑर्डर माहेरच्यांची आहे, दादाभाऊ. लेक त्यांची आहे. ते म्हणतात तसा छापणार."

"मग तुझं तू निस्तर," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

मी ग्रुप सोडवला. पदर उचलून टाकून दिला, हार खाली घेतला. चौकटीच्या आत जाऊन फोटो चौकटीला बसेल एवढा मोठा केला, चेहरा मधोमध आणला, आणि कुलूप लावलं. मग कुंकू. इतकी वर्षं मी कुंकू अंदाजानंच ठेवत आले, त्या दिवशी मोजून ठेवलं.

"एवढं मोठं न्हवती लावत ती," साळुबाई म्हणाली. "बारीक कर. आजून. हां, एवढं."

सगळ्याचा परत ग्रुप केला आणि मुद्दाम मोठा करून, लहान करून बघितला. काही सरकलं नाही. पुसायची मला नऊ वर्षांची सवय, तरी ती खूण होती तशीच ठेवली, उजळली नाही की गडद केली नाही.

फ्लेक्स मशीनमधून वरून खाली येतो, चार बोटं, चार बोटं. साळुबाई मशीनसमोर जाऊन उभी राहिली. आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं, मग केस, मग कपाळ, मग कुंकू. डोळा आला तेव्हा तिनं हात पुढं केला.

"मावशी, शाई ओली आहे," मी म्हणाले.

तिनं हात मागं घेतला. तिथं मात्र ती रडली. उभ्यानंच, तोंडावर हात धरून. संपतनं तिच्या दंडाला धरलं. मी पण रडले, पण माझ्या रडण्याला काय किंमत आहे.

गुरुवारी सकाळी मी राजुरीच्या दशक्रियेच्या घाटावर गेले. जायचं काही कारण नव्हतं, पण घरी बसवेना. दोन फ्लेक्स शेजारी शेजारी होते. सासरच्या फ्लेक्सवर आरती पदरात, माहेरच्या फ्लेक्सवर आरती उघड्या चेहऱ्यानं. फोटो तोच, केकच्या सुरीकडं बघणारा. महाराजांचं प्रवचन चालू होतं आणि लोक एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. बायांच्या घोळक्यात कुजबुज चालली. पोरांनी मोबाईल वर केले. आरतीचा नवरा मोहित विधीला बसला होता, डोकं भादरलेलं, त्यानं एकदाही मान वर केली नाही.

वृषालीला मी तिथं पहिल्यांदा बघितलं. कोणाच्या तरी कडेवर होती. तिनं फ्लेक्सकडं बोट करून, "मम्मी" म्हटलं. कडेवर घेणाऱ्या बाईनं तिचं तोंड खांद्यावर दाबलं आणि तिला घेऊन घराकडं गेली. साळुबाई त्यांच्या मागं दहा पावलं धावली, तिला सासरच्या लोकांनी मध्येच अडवलं.

मग सूरज आणि आणखी दोघं आले. दोरीची गाठ सुटेना म्हणून त्यांनी फ्लेक्स फाडूनच काढला. संपतनं एकाची कॉलर धरली, लोक मध्ये पडले. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं तो फ्लेक्स उभा असेल. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या, "गोठ्यात पडली असंल बाई, ढोरांत असं व्हतंच." त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण मी कुठल्या तोंडानं ओरडणार?

जाताना सूरज माझ्याजवळ आला. "ताई, तुमाला झाकायला सांगितलं व्हतं," एवढंच हळू आवाजात म्हणाला.

शुक्रवारी संपतनं सही दिली नाही. तक्रार दिली. दुपारी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. बाहेरच्या बाकावर साळुबाई सकाळपासून बसलेली होती. आत कोण गेलं, कोण आलं, तिचं लक्ष नव्हतं. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "पोरीला कदी देत्यात?" मला माहीत नव्हतं. आजही वृषाली राजुरीतच आहे.

जबाब घेणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझा मोबाईल घेतला, फोटो बघितला, तारीख लिहून घेतली, सूरजचा मेसेज शब्दन् शब्द उतरवला. मग दोन्ही फ्लेक्सचे फोटो समोर ठेवले.

"फोटो तुमच्याकडं आला तेव्हा खूण दिसत होती?"

"होती."

"कशाची आहे, ते कळलं होतं?"

"हो."

"मग ती झाकली कोणी?"

त्यांनी पेन टेकवून ठेवलं होतं. सूरजचं नाव त्यांनी वरच्या ओळीत लिहिलेलंच होतं, मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बाहेर साळुबाई खोकली.

"मी," मी म्हणाले. "मी झाकली. असंच लिहा."